निवड कोणी केली, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी, बारीक टायपात एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, अंक कुठे छापला, संपादक कोण आणि वृत्तनिवडीची कायदेशीर जबाबदारी कोणाची. वाचक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मी मात्र रोज वाचते. सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून रुजू झाले तेव्हा आमच्या मुख्य उपसंपादकांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते, ‘मथळ्यात चूक झाली तर उद्या दुरुस्ती देऊ, पण ही ओळ सुटता कामा नये.’ १८६७ च्या जुन्या कायद्यात संपादकाची जी व्याख्या होती, तीत अग्रलेखाचा, भाषेचा, विद्वत्तेचा उल्लेखच नव्हता. अंकात काय यायचे याची निवड ज्याच्या हाती, तो संपादक. बस्स. मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण ओळ आपल्या जागी आहे.

आता मी पंढरपुरात राहते. सकाळी छापील अंक आणि दिवसभर आपले ॲप, असे माझे वाचन चालते. ती ओळ मी ॲपमध्येही शोधली. अटी-शर्ती सापडल्या, गोपनीयता धोरण सापडले, तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचा ईमेलही सापडला. पण ‘तुमच्यासाठी’ या पानावर अमुक बातमी सगळ्यात वर का आणि तमुक दिसतच का नाही, हे ज्याला विचारावे असे कोणी सापडले नाही. म्हणून हे पत्र.

ऑगस्टमधली गोष्ट सांगते. घाटमाथ्यावर पाऊस झाला, उजनी भरली आणि भीमेत विसर्ग वाढवायला सुरुवात झाली. त्यातच वीर धरणातून नीरेत पाणी सोडलेले. नीरा-भीमेचा संगम नरसिंहपूरला होतो आणि तिथून जे निघते ते थेट आमच्या दारात येते. इथल्या माणसांना क्युसेकचे आकडे पाठ असतात. अमुक आकड्याला जुना दगडी पूल पाण्याखाली जाणार, तमुक आकड्याला पुंडलिकाचे देऊळ वेढले जाणार, आणि त्याच्याही पुढे गेले की नदीकाठच्या वस्तीने भांडीकुंडी उचलायची. आपल्या छापील अंकात ही बातमी पहिल्या पानावर होती. एकच कॉलम, पण प्रशासनाच्या इशाऱ्यासह आणि जिथे हवी तिथे. ॲपमध्ये माझ्या ‘तुमच्यासाठी’ पानावर ती बरेच खाली गेल्यावर सापडली. माझ्या जाऊबाईंच्या फोनवर ती नव्हतीच.

एकच घर, एकच वायफाय, एकच ॲप. जाऊबाई मालिकांच्या बातम्या आणि पाककृती वाचतात, म्हणून त्यांच्या पानावर एका अभिनेत्रीची पैठणी, एका मालिकेतल्या सुनेचे पुढे काय होणार, उपवासाचे थालीपीठ आणि कुठल्याशा जिल्ह्यातल्या बिबट्याचा व्हिडिओ. (बिबट्या माझ्याही पानावर होता. बिबट्यापुढे सगळे वाचक समान असावेत.) माझे पान पेन्शनने भरलेले. मी ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची निवृत्तिवेतनधारक. २०१४ साली त्या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली, ती ७,५०० करा अशी आम्हा निवृत्तांची मागणी आहे. कधीतरी अशी एक बातमी मी उघडली, आणि तेव्हापासून ‘पेन्शनधारकांसाठी मोठी बातमी’, ‘अखेर प्रतीक्षा संपली’, ‘खात्यात किती येणार, लगेच पाहा’ यांची रांग लागली आहे. आत जावे तर निवेदन दिले, मागणी केली, बैठक होण्याची शक्यता. माझ्या हाताखालच्या वार्ताहराने अशी कॉपी आणली असती तर ती तीन ओळींची संक्षिप्त होऊन सातव्या पानावर गेली असती. इथे ती रोज नव्या मथळ्याने माझी पहिली बातमी असते, कारण ती मी उघडते. आणि उघडणार नाही तर काय करू? पेन्शन माझीच आहे.

उजनीच्या विसर्गाची बातमी जाऊबाई कधी उघडत नाहीत, हे खरे. घरात मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, मग उघडतील कशाला? पण पूर आला तर पाणी त्यांच्या आवडीनिवडी विचारून घरात शिरत नाही.

‘आमच्या वेळी सगळे चोख होते’ असे म्हणायला हे पत्र लिहीत नाही. रात्रपाळीला निवड कशी होई ते मी आतून पाहिले आहे. तालुक्याच्या वार्ताहरांची पाकिटे एसटीने यायची, पीटीआय आणि यूएनआय या वृत्तसंस्थांची भेंडोळी टेलिप्रिंटरवर उतरत राहायची, आणि मुख्य उपसंपादक त्यातून भराभर गठ्ठे पाडायचे. पहिल्या पानाचे, आतल्या पानांचे, जागा राहिली तरच लावायचे आणि टोपलीत टाकायचे. त्या हातांवर दबाव नव्हता असे नाही. कारखान्याच्या अध्यक्षांचा फोन यायचा. मोठी जाहिरात देणाऱ्या दुकानात काही भानगड झाली की ‘शहरातील एका व्यापाऱ्याकडे’ असे मोघम छापून येई. दलित वस्तीतल्या पाण्याची बातमी मोर्चा निघाल्याशिवाय डेस्कवर टिकत नसे. आणि डेस्कवर बहुतेक पुरुष, तेही दोन-तीन जातींतले, हे तिथे बसलेली एकटी बाई म्हणून मला रोज दिसत होते. महिलांवरच्या अत्याचाराची बातमी ‘कौटुंबिक वादातून’ या दोन शब्दांत संपवायची, असा जणू नियमच होता.

तरीही एक गोष्ट होती. सकाळी दहाला कोणीतरी गावकरी धोतर सावरत जिना चढून यायचा आणि विचारायचा, ‘आमच्या गावचा बंधारा फुटला, तुमच्या पेपरात ओळ नाही. कोण बसलं होतं रात्री?’ त्याला उत्तर द्यायला माणूस असायचा. कधी लंगडी सबब सांगितली जाई, कधी त्याच्यासमोरच वार्ताहराला फोन लागे. पण ‘तुम्ही बंधाऱ्याच्या बातम्या वाचत नाही म्हणून तुम्हाला दाखवली नाही’ असे कोणी म्हणाले नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ची रात्र मला लख्ख आठवते. त्या दिवशी गणपती दूध प्याला होता. पहाटे दिल्लीतून सुरू झालेली ही वार्ता दुपारपर्यंत फोनाफोनीने देशभर आणि परदेशातही पोहोचली होती. आमच्या कार्यालयातला फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. संध्याकाळी पाळीवर आलेल्यांपैकी निम्मे लोक स्वतः चमचा लावून आले होते. डेस्कवर रणकंदन झाले. एकाचे म्हणणे, ‘आठ कॉलम मथळा द्या, उद्या अंक पुरणार नाहीत.’ दुसऱ्याचे, ‘अंधश्रद्धा आहे, ओळही नको.’ संपादकांनी दोन्ही मोडून काढले. लाखो लोक रांगेत उभे राहिले ही घटना आहे, ती पहिल्या पानावर जाईल. आणि चमचा दगडाला टेकवला की पृष्ठताणाने दूध ओढले जाते व पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे तिच्या शेजारी तेवढ्याच जागेत, तेवढ्याच टायपात जाईल. पाने चिकटवून जुळवणाऱ्या पेस्टरने ब्रोमाइड (मजकूर उतरवलेला छायाकागद) कापून दोन्ही मजकूर शेजारी शेजारी चिकटवले तेव्हा मी तिथेच उभी होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंची पत्रे आली. शिव्यांचीही आली, आणि ती संपादकांच्या नावावर आली.

त्या रात्री आपल्या ॲपमधली यंत्रणा असती तर तिने काय केले असते? दूध प्यायल्याची बातमी उघडणाऱ्याला आणखी दहा मूर्ती दूध पिताना दाखवल्या असत्या. पृष्ठताणाची बातमी ज्यांना आधीच पटली होती त्यांना मिळाली असती. दोन ब्रोमाइडे एका पानावर आली नसती.

पानाच्या तळाशी असणाऱ्या ओळीवरून आठवले. मद्रास आयआयटीत शिकलेल्या कृष्ण भरत यांनी अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर वेगवेगळ्या वृत्तपत्रांतल्या एकाच विषयाच्या बातम्या एकत्र आणणारी यंत्रणा बांधली आणि २००२ साली गूगल न्यूज लोकांसमोर आले. त्या पानाच्या तळाशीही एक ओळ असे. अर्थ असा, की हे पान संगणकाने बनवले आहे, ते बनवताना एकाही माणसाला इजा झालेली नाही, माणूस वापरलेलाच नाही. विनोद चांगला होता, पण खरा नव्हता. बातमी किती ताजी आहे याला किती महत्त्व, किती ठिकाणी आली याला किती, कोणाचे संकेतस्थळ विश्वासाचे, हे माणसानेच ठरवून यंत्राला सांगितले होते. त्या माणसाचे नाव तळाशी नव्हते, इतकेच.

पुढे हे लपणे किती महाग पडले ते फेसबुकच्या उदाहरणात दिसते. तिथे ‘ट्रेंडिंग’ नावाची चौकट होती. लोकांना वाटे, ती आपोआप भरते. मे २०१६ मध्ये बाहेर आले, की कंत्राटावरची पत्रकार मंडळी तीत काटछाट करतात, आणि उजव्या विचारांच्या बातम्या मुद्दाम वगळल्या जातात असा आरोप झाला. गहजब झाला. कंपनीने काय करावे? निवडीचे निकष नीट मांडावेत, चुकले असेल ते सुधारावे, नावे द्यावीत. ऑगस्टअखेरीस तिने ती माणसेच काढून टाकली आणि चौकट यंत्राच्या हवाली केली. दोन-तीन दिवसांत त्या चौकटीत सगळ्यात वर काय आले, तर फॉक्स वाहिनीच्या निवेदिका मेगिन केली यांना वाहिनीने हाकलल्याची बातमी. धादांत खोटी. एखाद्या होतकरू उपसंपादकानेही वाहिनीला एक फोन लावून ती टोपलीत टाकली असती. २०१८ मध्ये ती चौकटच बंद झाली.

याच कंपनीची दुसरी गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते. २०१७ पासून तिथे एखाद्या मजकुरावर कोणी रागाचा चेहरा टाकला, तर त्याचे वजन साध्या ‘लाइक’च्या पाचपट धरले जात होते. म्हणजे ज्याने लोक भडकतील ते जास्त लोकांपुढे ढकलायचे. हे वजन २०२० मध्ये शून्यावर आणले गेले आणि बाहेरच्या जगाला २०२१ मध्ये, आतली कागदपत्रे फुटली तेव्हा कळले. ‘एक राग बरोबर पाच पसंत्या’ हा संपादकीय निर्णय नाही तर काय आहे? जगातल्या कुठल्याही संपादकाने घेतला नसेल एवढ्या वाचकांवर परिणाम करणारा निर्णय. घेणाऱ्याचे नाव कुठे छापले होते?

मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये आपल्या एमएसएन पानासाठी बातम्या निवडणाऱ्या डझनावारी पत्रकारांना निरोप दिला. थोड्याच दिवसांत एका गायिकेच्या वर्णद्वेषाच्या अनुभवाची बातमी तिथे लागली, आणि फोटो लागला तिच्याच चमूतल्या दुसऱ्या सावळ्या गायिकेचा. पुढचा भाग तर नाटकात शोभेल असा. त्या चुकीवर टीका करणाऱ्या बातम्याही यंत्र उचलून आपल्याच पानावर लावेल, म्हणून उरलेल्या माणसांना ती काढून टाकायला सावध बसवले गेले.

परदेशाची उदाहरणे पुरे. माझ्याकडे उमेदवारी केलेली एक मुलगी आता एका वृत्तसमूहाच्या डिजिटल डेस्कवर आहे. समूहाचे नाव सांगत नाही, तिची नोकरी आहे. ती सांगते, समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, कोणती बातमी या क्षणी किती लोक वाचत आहेत ते त्यावर दिसते. पाळीत ठरावीक संख्येने बातम्या ‘टाकायच्या’ असतात. गूगल डिस्कव्हरमध्ये, म्हणजे गूगल फोनवर आपणहून बातम्या सुचवते त्या यादीत, बातमी ‘उचलली गेली’ तर पेढे, नाही तर मथळा बदलून पुन्हा. म्हणून विसर्गाची बातमी ‘पुढचे काही तास महत्त्वाचे’ अशी होते आणि कुठल्या नदीकाठी ते सांगायला तिसरा परिच्छेद उजाडतो. मराठी वाचक ज्याला ‘ऑनलाइनवाल्यांचे मथळे’ म्हणून हसतो, ते यंत्राला खूश करायला माणसानेच लिहिलेले असतात. ती मुलगी बातमीची जाण असलेली आहे. कोणती बातमी मोठी, हे तिला आजही कळते. पडदा मात्र तिला ते रोज थोडेथोडे विसरायला लावतो, असे ती म्हणाली तेव्हा मला काय बोलावे सुचेना.

आता यंत्राच्या बाजूचेही सांगते, नाहीतर आपल्या ॲपची घडी बसवणारे तरुण म्हणतील, म्हातारीला बटणे जमत नाहीत. जिल्हा आवृत्त्या निघाल्यापासून मराठी वाचकाभोवती कुंपण पडले आहे, आणि ते आम्ही माणसांनी घातले. सोलापूरच्या आवृत्तीत गडचिरोली दिसत नाही, सिंधुदुर्गाच्या आवृत्तीत लातूर नाही. आमच्या डेस्कवर विदर्भातल्या बातमीला माणसे दगावल्याशिवाय जागा नसे. आपल्या ॲपने मला मागच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या वार्ताहराचा चाराटंचाईवरचा एक उत्तम वृत्तांत आणून दिला. मी पंढरपुरी म्हशींवर काहीतरी वाचले होते, त्याचा धागा धरून. हे सोलापूरच्या कुठल्याही डेस्कने केले नसते. जुना मजकूर शोधून काढायला, एका आवृत्तीचे दुसऱ्या आवृत्तीत न्यायला यंत्र जरूर वापरा. माझे भांडण त्याच्याशी नाही.

स्टॉकहोमच्या स्वेन्स्का दागब्लादेत या दैनिकाची रीत मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. तिथे प्रत्येक बातमीला माणूस एक ते पाच असे वृत्तमूल्य देतो, ती किती काळ ताजी राहील हेही सांगतो, आणि त्या आधारे मुखपृष्ठाची मांडामांड यंत्र करते. म्हणजे महत्त्व ठरवायचे काम डेस्कचे, हमाली यंत्राची. आपल्याकडे हे अशक्य का असावे? उजनीच्या विसर्गाला पाच द्या, आणि पंढरपूर, माढा, मोहोळ, मंगळवेढा या तालुक्यांतल्या प्रत्येक फोनवर ती वर राहू द्या. मग त्या फोनच्या मालकिणीने आयुष्यात फक्त थालीपीठ वाचलेले असो.

युरोपात ऑगस्ट २०२३ पासून बड्या कंपन्यांवर कायद्याने बंधन आहे, की वाचकाला त्याच्या सवयींवर न बेतलेली मांडणी निवडण्याची सोय हवी आणि शिफारशी कशाच्या आधारे करता तेही सांगायला हवे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१ चे नियम आले. त्यात डिजिटल वृत्तमाध्यमांना सरकारच्या देखरेखीखालच्या आचारसंहितेत बांधणारा जो भाग होता, त्यातल्या मुख्य कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. ती दिली हे बरेच झाले. कोणती बातमी वर ठेवायची हे मंत्रालयातून ठरलेले मला नको आहे. पण सरकारने करू नये म्हटले की ते वृत्तपत्राने स्वतः करायला हवे, आणि तिथे सगळे गप्प.

गप्प राहण्याचे कारणही मला ठाऊक आहे. नाव दिले की शिव्या त्या नावाला येतात, नोटिसाही येतात. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांत छापलेली पत्रे बनावट निघाली आणि १८८२ साली आगरकर आणि टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. निवड चुकली, पण ती कोणाची होती हे शोधत बसावे लागले नाही. समाजमाध्यमांच्या कंपन्या ‘आम्ही नुसते मध्यस्थ’ म्हणून दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मध्यस्थाला सूट देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ आड उभ्या राहतात. आपण मध्यस्थ नाही, वृत्तपत्र आहात. आपल्या ॲपवरचा प्रत्येक शब्द आपला आहे, मग त्याचा क्रमही आपलाच धरायला हवा.

म्हणून माझे मागणे. ‘तुमच्यासाठी’ खुशाल ठेवा, पण त्यातल्या प्रत्येक बातमीखाली एक बारीक ओळ द्या: ‘संपादकीय विभागाची निवड’ किंवा ‘तुमच्या वाचनावरून यंत्राची निवड’. वरच्या पाच बातम्या तरी सगळ्यांना सारख्या असू द्या आणि त्या पाळीवरच्या माणसाने लावलेल्या असू द्या. त्या वेळी पाळीला कोण आहे, त्याचे नाव पानाच्या तळाशी द्या. छापील अंकाच्या क्रमाने तालुक्याच्या बातम्या वाचता येतील असे एक साधे पान द्या, जे मला काय आवडते याची चौकशी करणार नाही. आणि रात्री फोन वाजवून येणाऱ्या सूचनांपैकी धरणाची, विजेची, रस्ता बंद असल्याची सूचना बिबट्याच्या सूचनेपासून वेगळी ठेवा. दोन्हींचा आवाज सारखाच असल्यामुळे आमच्या घरात सगळ्याच सूचना बंद केलेल्या आहेत.

याला माणसे लागतील, माणसांना पगार लागतो, आणि ॲपच्या जाहिरातींतून मिळते किती, हे सगळे मला समजते. पण पाच बातम्या निवडायला रात्रपाळीला एक माणूस पुरतो. आमच्याकडे संपूर्ण पहिले पान एक माणूस लावत असे, तेही दिवे गेले असताना मेणबत्तीवर.

हे सगळे लगेच जमणार नसेल, तर निदान एका प्रश्नाचे उत्तर याच सदरात द्यावे. शहर आवृत्ती छपाईला गेल्यानंतर, रात्री साडेबारा ते सकाळी सहा या वेळेत, आपल्या ॲपवर कोणती बातमी सगळ्यात वर राहील हे सध्या कोण ठरवते?

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त उपसंपादक, पंढरपूर

(नाव आणि पत्ता पत्राच्या पाठीमागे लिहिला आहे. छापायला माझी हरकत नाही.)